हिरो नको, गर्दी द्या!

'मी फिगरवर बराच खर्च करते' असं म्हटलं की समोरचा हमखास जिमचं नाव विचारतो. मग सांगावं लागतं, बाबा रे, माझी फिगर पावणेचार इंचाची आहे. प्लास्टिकची आहे. तिचे हातपाय हलतात, मान वळते आणि ती डाएटबिएट अजिबात करत नाही.

सिनेमातल्या पात्रांच्या या छोट्या प्रतिकृती म्हणजे अ‍ॅक्शन फिगर्स. आमच्या आईच्या भाषेत बाहुल्या. 'अठ्ठावीस वर्षांची झालीस, अजून बाहुल्या कसल्या जमवतेस गं?' हा तिचा डायलॉग मला आता पाठ झालाय. गंमत म्हणजे, 'बाहुली' म्हणावं लागू नये म्हणूनच हा शब्द जन्माला आला. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं 'जी. आय. जो' नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला. कपडे बदलता येणारा, हातपाय वळवता येणारा. म्हणजे बाहुलाच की! पण मुलगे बाहुल्यांशी खेळतील कसे आणि त्यांचे बाबा त्या विकत घेतील कसे? म्हणून मग त्याचं बारसं झालं 'अ‍ॅक्शन फिगर'. ही बारशाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ही हौस स्वस्त नाही. त्यात मी फ्रीलान्सर. म्हणजे माझं उत्पन्न ही एक अफवाच असते. लेख मार्चमध्ये छापून येतो आणि चेक गणपतीत. त्यामुळे नवा सिनेमा येणार, त्याच्या फिगर्सची घोषणा झाली की माझ्यापुढे खराखुरा प्रश्न उभा राहतो : यात पैसे घालायचे का? कारण सिनेमा सुपरहिट आणि त्याच्या फिगर्स मात्र दुकानात धूळ खात पडलेल्या, असं कितीदा तरी होतं.

हे सगळं बघून बघून माझा एक फंडा तयार झालाय. सिनेमा संपतो, आपण पार्किंगकडे चालत असतो, तेव्हा डोक्यात काहीतरी घोळत असतं. 'तो कोपऱ्यात बसलेला कोण होता रे?' 'त्या जहाजाच्या आत काय असेल?' चांगल्या फिगर्स या प्रश्नांची उत्तरं देतात. वाईट फिगर्स कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत सुटतात. बस्स, एवढंच. हे तपासून बघायला 'स्टार वॉर्स'इतकं चांगलं उदाहरण नाही, कारण यश आणि फजिती दोन्ही तिथे ठासून भरलंय.

रिकाम्या डब्याची दिवाळी

१९७७ चा मे महिना. 'स्टार वॉर्स' अमेरिकेत रिलीज झाला आणि लोक वेडे झाले. तो इतका चालेल असं खेळणीवाल्यांना वाटलंच नव्हतं. त्या काळातल्या मेगो या मोठ्या कंपनीनं तर या सिनेमाची खेळणी बनवायला नकार दिला होता. ते काम घेतलं केनर नावाच्या सिनसिनाटीच्या कंपनीनं. केनरच्या बर्नार्ड लूमिसचं नाव आजही कलेक्टर्स आदरानं घेतात. एखादा सिनेमा 'खेळणेबल' आहे की नाही, यासाठी 'टॉयेटिक' हा इंग्रजी शब्द त्याच्याच नावावर जमा आहे.

केनरनं एक सॉलिड निर्णय घेतला. बारा इंची फिगर बनवायची, तर तिला बसायला जे अवकाशयान लागेल ते हॉलमध्ये मावणार नाही. मग फिगरच छोटी केली, पावणेचार इंचांची. आता यान परवडणार, यानात चार जण बसणार, त्यांच्याशी भांडायला आणखी दहा जण लागणार. हिरो विकायचा नाही, सगळं गाव विकायचं, हे एका मापातच ठरून गेलं.

पण स्टीलचे साचे काही दोन महिन्यांत होत नाहीत. ख्रिसमस आला आणि फिगर्स तयार नव्हत्या. तिथला ख्रिसमस म्हणजे खेळणीवाल्यांची दिवाळी. तेव्हा केनरनं काय विकलं? पुठ्ठ्याचं पाकीट! आत एक चित्र असलेला पुठ्ठ्याचा स्टँड, काही स्टिकर्स आणि एक सर्टिफिकेट. ते पोस्टानं पाठवा, ल्यूक, लेया, च्यूबाका आणि आर-टू-डी-टू घरी येतील. कधी? पुढच्या वर्षी. लोकांनी ही पाकिटं ख्रिसमसच्या झाडाखाली ठेवली. आज कोणी असं केलं तर आपण कन्झ्युमर कोर्टात जाऊ. तेव्हा पोरं पोस्टमनची वाट बघत बसली. कारण प्रश्न आधीच पडला होता, उत्तराला थोडा उशीर चालणार होता. १९७८ मध्ये केनरनं या सिनेमाची चार कोटींहून जास्त खेळणी विकली.

पोंडा बाबा आणि मंडळी

पहिल्या बारा फिगर्समध्ये अपेक्षित मंडळी होती. ल्यूक, लेया, हान सोलो, डार्थ व्हेडर वगैरे. खरी मजा दुसऱ्या खेपेत आहे. सिनेमात एक गुत्ता आहे. जगभरचे, सॉरी, विश्वभरचे उडाणटप्पू तिथे पीत बसलेले असतात. कॅमेरा त्यांच्यावरून भर्रकन फिरतो. केनरनं त्यांच्या फिगर्स काढल्या. हातोड्यासारख्या डोक्याचा हॅमरहेड. वॉलरससारखा सोंडमिशीचा वॉलरस मॅन. याला पुढे पोंडा बाबा असं नाव मिळालं. खोटं नाही सांगत. मला पहिल्यांदा वाटलं, फोंड्याकडचे कोणी बुवा आहेत. आणि पॉवर ड्रॉइड नावाची तर निव्वळ पाय फुटलेली पेटी. हिरो नाही, व्हिलन नाही, डायलॉग नाहीत.

आणि तरी ती पेटी लाडकी झाली. का? कारण ती पडद्यावरून दुडुदुडु चालत गेली तेव्हा हजारो पोरांना वाटलं होतं, 'हे काय होतं?' सिनेमानं सांगितलं नाही. मग पोरांनी ती घरी आणली आणि स्वतःच सांगितलं. हिरोची गोष्ट दिग्दर्शकानं आधीच संपवलेली असते. पेटीची गोष्ट तुमच्यासाठी शिल्लक असते.

यात गडबडीही झाल्या. स्नॅगलटूथ नावाच्या प्राण्याचा केनरकडे फक्त कमरेपर्यंतचा, ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. त्यांनी त्याला उंच केला, पायात बूट घातले, निळे कपडे शिवले. नंतर कळलं की गडी बुटका आणि लाल कपड्यातला आहे. मग सुधारून लाल काढला. सीअर्सच्या दुकानांतल्या सेटमधून विकला गेलेला तो निळा, चुकीचा स्नॅगलटूथ आज कलेक्टर्सच्या गळ्यातला ताईत आहे. कंपनी प्रयत्न करत होती, फक्त माहिती अर्धी होती, हे त्याच्याकडे बघून कळतं. अशा चुका कलेक्टर मोठ्या मनानं माफ करतो. आळस मात्र करत नाही.

सलमानचे दंड, आर्क्टिकचा बॅटमॅन

आळस कसा असतो? १९९२ चा 'बॅटमॅन रिटर्न्स' घ्या. त्यातला डॅनी डिव्हिटोचा पेंग्विन भयानक होता. पांढराफटक, ओशट, गटारात वाढलेला. खेळण्याच्या दुकानात आलेला पेंग्विन मात्र गोलमटोल कॉमिकवाला! कारण केनरकडे १९८० च्या दशकातल्या सुपर पॉवर्स मालिकेचा साचा पडून होता, तोच पुन्हा वापरला. आणि बॅटमॅन किती प्रकारचे? बर्फात जाणारा आर्क्टिक बॅटमॅन, पाण्यात बुडी मारणारा डीप डाइव्ह बॅटमॅन. सिनेमात यातलं काहीही नाही. 'बॅटमॅन आर्क्टिकला गेला तर काय घालेल?' असं कोणीही विचारलं नव्हतं.

कंपनीच्या बाजूनंही बघू. मास कॉमला आम्हाला शिकवलंय, दोन्ही बाजू मांडा. नवा साचा म्हणजे मोठा खर्च. एकदा बॅटमॅनचा साचा केला की रंग बदलून त्याच शरीरातून अनेक 'नवे' बॅटमॅन काढता येतात. शिवाय दुकानात आलेले आजी-आजोबा नातवासाठी बॅटमॅनच मागतात, गल्लीतला गुंड क्रमांक तीन मागत नाहीत. हिशेबात हे बरोबर आहे. फक्त आजोबा एकदा येतात आणि कलेक्टर दर महिन्याला येतो, हे त्या हिशेबात नाही.

१९९५ मध्ये केनरनं 'स्टार वॉर्स'च्या पावणेचार इंची फिगर्स दहा वर्षांनी पुन्हा सुरू केल्या. कलेक्टर्स खूश! आणि पाकिटात निघाला कोण, तर सलमानसारखे दंड असलेला ल्यूक. त्या वर्षांत पिळदार खेळण्यांची फॅशन होती, म्हणून बिचाऱ्या शेतकरी पोरालाही जिम लावलं. तरी त्या विकल्या गेल्या, कारण दहा वर्षांचा दुष्काळ होता. दुष्काळात काहीही गोड लागतं.

मग आलं १९९९. सोळा वर्षांनी नवा 'स्टार वॉर्स' येणार होता, 'द फँटम मेनेस'. आता कंपनी हॅस्ब्रो होती, केनर तिच्या पोटात गेली होती. १९७७ ची फजिती पुन्हा नको म्हणून यावेळी माल आधीच तयार. सिनेमा १९ मे रोजी, पण खेळणी ३ मे रोजी. मध्यरात्री बाराला दुकानं उघडली, बाहेर रांगा. लोकांनी हातगाडी भरभरून माल नेला. आणि नंतर त्याच फिगर्स क्लिअरन्स सेलमध्ये लोळत राहिल्या.

तुम्ही म्हणाल, यात तर गर्दी होती की. नवे प्राणी, नवे पायलट, नवे यंत्रमानव. मग काय बिघडलं? क्रम बिघडला. १९७७ मध्ये आधी सिनेमा, मग प्रश्न, मग वाट बघणं, मग फिगर. १९९९ मध्ये आधी फिगर, मग सिनेमा. कोण कोण आहे हे माहीत नसताना लोकांनी सगळेच उचलले. सिनेमा बघून आल्यावर जार जार बिंक्सबद्दल अनेकांना एकच प्रश्न होता, हा थांबणार कधी? आणि त्याचं उत्तर प्लास्टिकमध्ये मिळत नाही.

ती कुठंय?

आता माझी गोष्ट. २०१५ मध्ये मी पुण्यात मास कॉमच्या पहिल्या वर्षाला होते. 'द फोर्स अवेकन्स' आपल्याकडे २५ डिसेंबरला लागला. आमचा ग्रुप पहिल्याच दिवशी गेला. भंगार गोळा करून पोट भरणारी एक मुलगी, नाव रे. (हो, 'अरे'मधला रे.) कोणी तिचा हात धरून पळायला लागलं तर ती वैतागते. जुनाट यान उडवून दाखवते. शेवटी तलवार तिच्याच हातात येते. थिएटरमध्ये माझ्या अंगावर काटा आला. असा काटा मला हिरोइन बघून त्याआधी आला नव्हता.

जानेवारीत साठवलेले पैसे घेऊन मी एका मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात गेले. भिंतभर 'स्टार वॉर्स'. फिन होता. काळ्या मुखवट्याचा कायलो रेन तर जिथे बघावं तिथे. पांढरे सैनिक रांगेनं लटकलेले. रे नाही. मी सगळे हुक एकेक करून मागेपर्यंत बघितले. तिथला मुलगा आला आणि म्हणाला, 'भावासाठी हवंय का? मुलींचं सेक्शन पलीकडे आहे, मॅडम.' पलीकडे गुलाबी भिंत होती. मी म्हटलं, 'मला या सिनेमाची हिरोइन हवीय.' त्यानं प्रामाणिकपणे कायलो रेनचं पाकीट उलटून बघितलं, मागच्या बाजूची चित्रं बघितली आणि म्हणाला, 'यात हिरोइन पण आहे?'

त्याचा काय दोष? रे बनवलीच नव्हती असं नाही. तिच्या सुट्या फिगर्स निघाल्या होत्या. पण हॅस्ब्रोच्या अनेक सेटमधून ती गायब होती. मिलेनियम फाल्कन यानाच्या खेळण्याबरोबर फिन, च्यूबाका आणि बीबी-एट आले. सिनेमात ते यान चालवणारी रे आली नाही. मोनोपॉलीच्या सेटमध्ये चार सोंगट्या होत्या. फिन, कायलो रेन, ल्यूक आणि डार्थ व्हेडर. व्हेडर तर कथेत कधीच वारलाय! अमेरिकेत यावरून ओरडा झाला. 'रे कुठे आहे?' हा हॅशटॅग जानेवारी २०१६ मध्ये गाजला. कंपनीचं म्हणणं होतं, सेट सप्टेंबरमध्ये आला, रेचं गुपित सिनेमाआधी फुटू नये म्हणून तिला ठेवलं नाही. मग रे असलेली मोनोपॉली काढू, असंही जाहीर केलं.

गुपिताचं कारण मला अर्धं पटतं. अर्धं नाही, कारण त्याच वर्षी 'अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन' आला होता. त्यात ब्लॅक विडो विमानातून मोटारसायकलवरून झेप घेते. जबरदस्त सीन. त्या मोटारसायकलचं खेळणं आलं आणि तिच्यावर बसला होता कॅप्टन अमेरिका. तिथे कसलं गुपित होतं? पुढच्या वर्षी दिग्दर्शक शेन ब्लॅकनं मुलाखतीत सांगितलं की 'आयर्न मॅन थ्री'ची मुख्य खलनायक आधी बाई होती. बाईचं खेळणं कमी विकलं जाईल म्हणून ती बदलून पुरुष केली. म्हणजे फिगर सिनेमावरून बनत नव्हती, सिनेमाच फिगरवरून बनत होता.

आता ते बारसं आठवा. १९६४ मध्ये 'बाहुली' शब्दाची भीती होती. ती एकावन्न वर्षांनंतरही गेली नव्हती. पोरं मुलीची फिगर घेणार नाहीत आणि पोरी फिगर्स घेतच नाहीत, असं आधीच धरून चालायचं. मग मुलीची फिगर कमी बनवायची. ती दिसतच नाही, म्हणून विकली जात नाही. मग म्हणायचं, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?

यात दुकानाचं गणितही आहे, ते समजून घ्या. दुकानदार सुट्या फिगर्स मागवू शकत नाही. कंपनी खोका पाठवते आणि खोक्यात कोण किती हे कंपनीच ठरवते. समजा एका खोक्यात कायलो तीन, सैनिक तीन आणि एखादं पात्र एकच. त्या एकुलत्या एकाला 'शॉर्टपॅक' म्हणतात. ते सकाळी उघडल्या उघडल्या जातं. जास्तीचे कायलो हुकांवर महिनोन्‌महिने लटकतात. त्यांना म्हणतात 'पेगवॉर्मर', म्हणजे हुक गरम ठेवणारे! हुक रिकामे झाल्याशिवाय दुकानदार पुढचा खोका मागवत नाही आणि पुढच्या खोक्यात नेमकं तुम्हाला हवं असलेलं पात्र असतं. अशी ती पुढची खेप गावात येतच नाही. कलेक्टर वैतागतो आणि कंपनीला दिसतं की लाइन थंड पडलीय. ऑफिसात काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. एकाच कामाला चार माणसं आणि ज्याच्यावाचून सगळं अडलंय तो एकटाच, शिवाय रजेवर.

माझी रे शेवटी न्यू जर्सीहून आली. मावसभाऊ दादा दिवाळीला आला तेव्हा बॅगेत, मोज्यांच्या जोडात गुंडाळून. तिचे डोळे थोडे चकणे रंगवलेत. हॅस्ब्रोनं चेहरे डिजिटल छापायला २०१७ मध्ये सुरुवात केली, ही त्याआधीची. मी ती बदलणार नाही.

मोजे आणि कस्टम ड्यूटी

आपल्याकडच्या कलेक्टरचं आयुष्य मोज्यांवरच चाललंय. आमच्या आधीच्या पिढीची मजा होती. १९८७ मध्ये हॅस्ब्रो आणि एमआरएफ यांनी मिळून फनस्कूल काढली, गोव्यात कारखाना टाकला आणि 'जी. आय. जो' इथेच बनायला लागला. त्याचे इथले अजब रंग बघून आज अमेरिकेतले कलेक्टर्स ते शोधत असतात. सिनेमाच्या फिगर्सचं तसं नाही, त्या बहुतेक बाहेरूनच येतात. सरकारनं फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा झाला. इथल्या खेळणी उद्योगाला आणि लहान पोरांच्या सुरक्षिततेला याचा फायदा आहे, ते मान्यच. पण मोजक्या लोकांसाठी मोजक्या फिगर्स मागवणारा दुकानदार यात दमला. माझ्या ओळखीच्या एकानं भिंतीवरच्या फिगर्स काढून बोर्ड गेम्स लावले.

म्हणूनच कुठली लाइन टिकणार हे आधी ओळखता येणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. अमेरिकेतल्या माणसाला वाईट फिगर म्हणजे एक बर्गर कमी. इथे दुप्पट-तिप्पट पैसे, दोन महिन्यांची वाट आणि दादाच्या बॅगेतली जागा, सगळंच जातं.

आणि कृपा करून 'इन्व्हेस्टमेंट' म्हणू नका. ऑफिसात कोणीतरी सांगतंच, अमुक फिगर लाखोंना विकली. विकली खरी. मे २०२४ मध्ये पाठीवरून रॉकेट उडवणाऱ्या बोबा फेटचा नमुना लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. पण ती फिगर दुकानात कधी आलीच नाही! रॉकेट पोराच्या घशात अडकेल म्हणून केनरनं १९७९ मध्ये ती रद्द केली आणि रॉकेट घट्ट चिकटवलेली फिगर दिली. जी कोणालाच विकत घेता आली नाही, ती सगळ्यात महाग ठरली. तुम्हाआम्हाला मिळते ती हजारोंनी छापलेली असते. पैसे वाढवायचे तर एसआयपी आहे.

बटण दाबण्यापूर्वी

आता कंपन्यांनीही थोडा वेगळा रस्ता धरलाय. हॅस्ब्रोनं २०१८ मध्ये विचारलं, 'जाबाचं मोठं जहाज हवंय का? पाच हजार लोकांनी आधी पैसे भरले तर बनवू.' किंमत जवळजवळ पाचशे डॉलर, लांबी चार फुटांच्या वर. मूळ सिनेमा १९८३ चा, आणि त्या जहाजाचं या मापातलं खेळणं केनरनं कधीच काढलं नव्हतं. म्हणजे पस्तीस वर्षांचा प्रश्न अनुत्तरित पडलेला. आठ हजारांहून जास्त लोकांनी पैसे भरले. मग २०२१ मध्ये त्याच कंपनीनं सहा इंची फिगर्सच्या मापाचा रँकर राक्षस काढायचं ठरवलं. साडेतीनशे डॉलर, नऊ हजार लोक हवेत. जमले नाहीत. सिनेमा तोच, पात्रही गाजलेलं. पण रँकर केनरनं १९८४ मध्येच दिला होता. ज्याचं उत्तर एकदा मिळालंय, तो प्रश्न तेवढा टोचत नाही.

आणि २०१९ चा तो हिरवा कानवाला बाळ, ज्याला सगळे बेबी योडा म्हणत होते. तो सिनेमातला नाही, 'द मँडलोरियन' मालिकेतला, पण दुनिया तीच. गुपित फुटू नये म्हणून त्याचं एकही खेळणं आधी बनवलं नव्हतं. त्या ख्रिसमसला दुकानं रिकामी. व्यवहाराच्या दृष्टीनं वेडेपणा. पण लोकांनी आधी त्याला बघितलं, त्याच्या प्रेमात पडले, मग वाट बघितली आणि २०२० मध्ये खेळणी आली तेव्हा धावत जाऊन घेतली. म्हणजे १९७७ चं पाकीट अजून चालतं.

तर मंडळी, प्री-ऑर्डरचं बटण दाबण्यापूर्वी मी तीन गोष्टी बघते. पहिली, यादीत एकाच हिरोचे किती अवतार आहेत? दहातले चार असले तर मी निघते. दुसरी, यादीत कोण नाही? सिनेमाच्या पोस्टरवर आहे आणि सेटमध्ये नाही असं कोणी असेल, तर कंपनीनं कोणाला गिऱ्हाईक मानलं नाही ते कळतं. बहुतेक वेळा ते गिऱ्हाईक मी असते. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सिनेमा बघायच्या आधी एकही पैसा भरायचा नाही. किंमत वाढेल, माल संपेल, 'लास्ट फ्यू लेफ्ट'ची लाल पट्टी लुकलुकेल. लुकलुकू दे.

सिनेमा बघा, बाहेर या आणि गाडीपर्यंत जाताना मनात कोण येतं ते बघा. हिरो आला तर टी-शर्ट घ्या, स्वस्तात काम होईल. पण दोन सेकंद दिसलेली, एकही वाक्य न बोललेली, कोपऱ्यातून चालत गेलेली एखादी पेटी आठवत असेल, तर खुशाल पैसे काढा. ती बनवायचं धाडस कोणी केलं असेल, तर बाकीच्या फिगर्सही त्यानं मन लावूनच बनवल्या असतील.